‘आई, अजून किती सुया राहिल्यात?’

ताई, आम्ही कोल्हापुरात राहतो. माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे. श्रावणात तिला सारखी तहान लागायला लागली, रात्री अंथरूण ओलं व्हायला लागलं, वजन उतरलं. मग एक दिवस उलट्या आणि जोरजोरात श्वास. दवाखान्यात नेलं तर टाइप १ मधुमेह निघाला. चार दिवस आयसीयूत होती. आता दिवसातून चार वेळा इन्सुलिन. ती फार रडायची, म्हणून मी सांगून टाकलं की हे खोकल्यासारखंच आहे, दिवाळीपर्यंत सुया संपतील. आता रोज विचारते, ‘आई, अजून किती सुया राहिल्यात?’ सासूबाई म्हणतात, मागच्या हंगामात गुऱ्हाळावर बसून लई गूळ खाल्ला, त्यानंच झालं. हे तिच्या कानावर गेलंय. सासऱ्यांनाही शुगर आहे. गेल्या वर्षी जखम चिघळून त्यांच्या पायाचं बोट काढावं लागलं. परवा आंघोळ घालताना लेकीनं विचारलं, ‘माझं कुठलं बोट कापणार?’ मला उत्तरच सुचलं नाही. महिन्याभरात डोस कमी झालाय, तर सासूबाई म्हणतात, जोतिबाचा गुण येतोय, इन्सुलिन बंद करून बघा. मुलीची जात आहे, बाहेर बोलायचं नाही, असंही घरात ठरलंय. शाळेतसुद्धा सांगितलेलं नाही. एवढ्याशा पोरीला काय सांगू, किती सांगू?
– एक आई, कोल्हापूर

सगळ्यात आधी बोटाचं बोलू. तो प्रश्न आजच मिटवायला हवा, बाकीचं सावकाश झालं तरी चालेल.

तुमच्या लेकीनं आपल्या आपण हिशेब मांडला आहे. आबांना शुगर, आबांचं बोट काढलं. मला शुगर, म्हणजे माझंही काढणार. यात तिचं काय चुकलं? मोठ्यांनी सांगितलं नाही, तेव्हा जे दिसलं आणि जे ऐकलं त्यावरून तिनं उत्तर काढलं. आंघोळीच्या वेळी विचारलं म्हणजे त्याआधी किती दिवस ती हे मनात घेऊन झोपत असेल. या वयाची मुलं गप्प असली की आपल्याला वाटतं, त्यांना काही कळत नाही. ती गप्प असतात, कारण घरात सगळे कुजबुजतात आणि त्यांना कळतं की हा विचारायचा विषय नाही.

आज संध्याकाळी जवळ घेऊन सांगा: ‘तुझं कुठलंच बोट कुणी कापणार नाही. आबांच्या पायाला जखम झाली होती, ती खूप दिवस बरी झाली नाही, म्हणून डॉक्टरांनी तसं केलं. तुझा आजार वेगळा आहे.’ जमलं तर हे आबांनाच सांगू द्या. तिनं मागितलं तर त्यांनी पाय दाखवावा, ‘आता दुखत नाही’ म्हणावं. लपवलेली गोष्ट मुलांना नेहमी दिसणाऱ्या गोष्टीपेक्षा मोठी वाटते.

तुम्हा मोठ्यांसाठी थोडं जास्त. आबांचा बहुधा टाइप २ असणार. त्यात शरीर इन्सुलिन बनवतं, पण ते पुरत नाही किंवा नीट लागू पडत नाही, म्हणून बऱ्याच जणांचं गोळ्यांवर भागतं. लेकीच्या शरीरात इन्सुलिन बनणंच जवळजवळ थांबलं आहे. तिथं गोळी चालत नाही. पायाच्या, डोळ्यांच्या, मूत्रपिंडाच्या तक्रारी टाइप १ मध्येही होऊ शकतात, पण साखर कित्येक वर्षं चढी राहिली तर. अमेरिका आणि कॅनडात टाइप १ असलेल्या १,४४१ जणांवर एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष १९९३ साली आले. साखर काटेकोरपणे सांभाळली तर डोळे, मूत्रपिंड आणि नसांचं नुकसान खूप कमी होतं, हे त्यात स्पष्ट दिसलं. हे तुम्ही लक्षात ठेवायचं. साडेपाच वर्षांच्या मुलीला ‘शुगर सांभाळली नाहीस तर डोळे जातील’ असं कुणीही, कधीही म्हणायचं नाही. भीती घातल्यानं साखर उतरत नाही.

आता गुळाचं. सासूबाईंचं ते वाक्य तिच्या मनातून काढणं मला सुयांपेक्षाही महत्त्वाचं वाटतं. या वयात मुलांना वाटतं की जे काही घडतं ते आपल्यामुळे घडतं. आई आजारी पडली तरी ‘मी त्रास दिला म्हणून’ असं त्यांच्या मनात येतं. त्यात आजीनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं की गूळ खाल्लास म्हणून झालं. म्हणजे रोजच्या चार सुया ही तिच्या लेखी शिक्षा झाली. शिक्षा कधीतरी संपते, म्हणून ती विचारते, किती राहिल्यात.

गूळ, साखर, पेढे, चॉकलेट, यातल्या कशानंही टाइप १ होत नाही. शरीराची रोगजंतूंशी लढणारी यंत्रणा चुकून स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवरच उलटते आणि त्या पेशी नष्ट होतात. काही मुलांमध्ये हे का सुरू होतं, याचं नेमकं कारण विज्ञानाला अजून सापडलेलं नाही. पण आईनं गरोदरपणी काय खाल्लं, लेकरानं गुऱ्हाळावर काय खाल्लं, कुणाची नजर लागली, यातलं काही त्यामागं नाही. कोल्हापुरात हंगामाला गुऱ्हाळावर बसून गरम काकवी न चाटलेलं मूल शोधून सापडायचं नाही. त्या सगळ्यांना हा आजार झालेला नाही.

लेकीला एवढंच सांगा: ‘तू काही केलंस म्हणून हे झालं नाही. गूळ खाल्लास म्हणून नाही, हट्ट केलास म्हणून नाही. कुणाचीच चूक नाही.’ एकदा सांगून भागणार नाही. आठ दिवसांनी पुन्हा सांगा, महिन्यानं पुन्हा. आणि सासूबाईंशी मुलीच्या माघारी बोला. त्यांना दोष देऊ नका, त्यासुद्धा घाबरल्या आहेत. नातीचं एवढं मोठं दुखणं कशानं आलं हे कळत नाही, तेव्हा माणूस हाताशी येईल ते कारण धरतो. पुढच्या तपासणीला त्यांना सोबत न्या आणि ‘गुळानं झालं का?’ हा प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या. सुनेनं सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यात फरक पडतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. नंतर आजीनंच नातीला म्हटलं, ‘मी चुकीचं बोलले बाळा, गुळानं नाही झालं’, तर त्याहून मोठं औषध नाही.

मग इन्सुलिन म्हणजे काय, हे तिला कसं सांगायचं? माझं मत, गोष्ट एकच धरावी आणि तीच पुनःपुन्हा सांगावी. रोज नवी गोष्ट सांगितली की मूल गोंधळतं. तुमच्या गल्लीत सकाळी दूधवाला येत असेलच, त्याचीच घ्या. ‘तुझ्या अंगात खूप खूप छोटी घरं आहेत. तू भाकरी खाल्लीस, भात खाल्लास की त्याची साखर होते. ती साखर रक्तातून दूधवाल्यासारखी दारोदार जाते. पण दाराला आतून कडी आहे. कडी काढायचं काम इन्सुलिनचं. पूर्वी तुझ्या पोटातून इन्सुलिन यायचं. आता तिथं बनत नाही. मग साखर बाहेर रस्त्यावरच राहते आणि घरातली माणसं उपाशी. म्हणून तू दमायचीस, सारखी तहान लागायची, शूला लागायची. आता आपण सुईतून इन्सुलिन पाठवतो, ते जाऊन कड्या काढतं.’

शरीराची लढणारी यंत्रणा स्वतःवरच उलटली, हे आत्ता सांगू नका. आठ-नऊ वर्षांची झाली की सांगा. एवढ्या लहान मुलांना ‘माझंच अंग मला मारतंय’ असं वाटू शकतं. त्याचा उपयोग काहीच नाही, त्रास मात्र खूप.

ती काही प्रश्न हमखास विचारेल. औषध गोड पातळ का देत नाहीत? खरं उत्तर सोपं आहे: इन्सुलिन तोंडातून घेतलं तर पोट ते पचवून टाकतं, कड्यांपर्यंत ते पोचतच नाही. रोज रक्त काढलं तर संपेल का? नाही, आपण एक थेंब घेतो, अंग नवीन रक्त रोज बनवतं. शेजारच्या मैत्रिणीला माझ्यामुळे होईल का? नाही, हे खोकल्यासारखं पसरत नाही. हे तिला जरूर सांगा, कारण तुम्ही ‘खोकल्यासारखंच आहे’ म्हणालेल्या आहात.

आणि आता दिवाळी. तुम्ही तसं का म्हणालात ते मला समजतं. रडणाऱ्या लेकराला हातात धरून सुई टोचताना कुठल्याही आईच्या तोंडून ते निघेल. पण दिवाळीची वाट बघू नका, त्याआधीच सांगा. नाहीतर पहिल्या अंघोळीच्या पहाटे ती उठेल आणि तुम्ही इन्सुलिनचं पेन घेऊन उभ्या असाल. त्या दिवशी सुईबरोबर आईच्या शब्दावरचा विश्वासही जाईल, आणि पुढची अनेक वर्षं तुम्हाला तोच विश्वास लागणार आहे.

सांगताना ‘जन्मभर’ हा शब्द नको. साडेपाच वर्षांच्या मुलीला जन्म केवढा हे कळत नाही, आपल्यालाच त्या शब्दानं रडू येतं आणि ती आपला चेहरा वाचते. असं म्हणा: ‘मी म्हणाले होते दिवाळीला सुया संपतील. ते खरं नाही. मलाही तेव्हा नीट माहीत नव्हतं आणि तू रडू नयेस असं वाटत होतं. तुला इन्सुलिन रोज लागणार. उद्या, परवा, दिवाळीत, पहिलीत गेलीस तरी. मी आणि बाबा रोज तुझ्याबरोबर असू.’ ती रडेल. रडू द्या. ‘शूर मुलगी ना तू, रडायचं नाही’ असं म्हणू नका. सुई टोचली की दुखतं, दुखलं की रडू येतं. पुढचे दोन-तीन दिवस कदाचित जास्त चिडचिड करेल, सुईच्या वेळी लपून बसेल. तेही होऊ द्या. मात्र सुई ठरल्या वेळी द्यायचीच.

इथं एक बारीक पण कामाची गोष्ट. ‘इन्सुलिन घ्यायचं का?’ असं विचारू नका, कारण ‘नको’ म्हणायची मुभा तिला नाही. विचारायचं ते असं: आज पोटावर की मांडीवर? कुठल्या बोटाचा थेंब? आकडे मी म्हणू की तू? एवढ्याशा निवडीनंही मुलांचा धीर वाढतो. बोटाच्या टोकावर मधोमध टोचण्याऐवजी कडेला टोचा, तिथं कमी दुखतं. सुईची जागा रोज बदलत राहा, एकाच जागी दिलं की तिथं गाठी धरतात आणि इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. तिच्या बाहुलीलाही मधुमेह होऊ द्या. बिनसुईची सिरिंज तिच्या हातात द्या, ती बाहुलीला काय सांगते ते कान देऊन ऐका. जे तुम्हाला सांगत नाही ते ती बाहुलीला सांगेल.

मशीनवर आकडा आला की ‘चांगली आली’, ‘बाई, खराब आली’ असं घरात कुणी म्हणत असेल तर थांबवा. जास्त, कमी, बरोबर, एवढंच बोला. आकडा खराब म्हणजे मी खराब, असा तिचा समज व्हायला वेळ लागणार नाही. ‘जेवली नाहीस तर जास्तीची सुई देईन’ ही धमकीसुद्धा घरातून हद्दपार करा.

डोस कमी झाल्याबद्दल मात्र मी अगदी स्पष्ट लिहिते, हे घरात मोठ्यानं वाचून दाखवा. इन्सुलिन सुरू केल्यावर काही आठवड्यांत बऱ्याच मुलांची गरज कमी होते, कारण उरलेल्या थोड्या पेशी पुन्हा काम करू लागतात. डॉक्टर याला ‘हनिमून’ काळ म्हणतात. तो काही महिने, क्वचित वर्षभर किंवा थोडा जास्त टिकतो आणि मग संपतो. आजार बरा झाला असा त्याचा अर्थ नाही. या काळात इन्सुलिन बंद केलं तर लेक पुन्हा त्याच आयसीयूत जाईल आणि जीवही जाऊ शकतो. जोतिबाच्या डोंगरावर जरूर जा, गुलाल लावा, अंबाबाईची ओटी भरा. इन्सुलिन पिशवीत घेऊन जा. कारल्याचा रस, मेथी, कुणी सांगितलेली पुडी, यातलं काहीही इन्सुलिनची जागा घेऊ शकत नाही. ताप आला, उलट्या झाल्या, ती जेवली नाही, तरीही इन्सुलिन मनानं बंद करायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा. उलट्या, पोटदुखी, जोराचा श्वास, गुंगी असं पुन्हा दिसलं तर रात्र असली तरी सकाळची वाट बघू नका.

सासूबाईंना पटवायला एक खरी गोष्ट सांगा, लेकीलाही आवडेल. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी या आजाराला औषधच नव्हतं, मुलं वर्ष-दोन वर्षांत जायची. कॅनडातल्या टोरंटोमध्ये फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी १९२१ मध्ये इन्सुलिन शोधलं. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा दिलं. पहिलं इंजेक्शन नीट लागू पडलं नाही. जेम्स कॉलिप यांनी औषध अधिक शुद्ध केलं, पुन्हा दिलं, आणि मरणाच्या दारातला तो मुलगा सावरला. बँटिंग यांचा जन्म १४ नोव्हेंबरचा, म्हणून तो जगभर मधुमेह दिन. आपल्याकडे त्याच दिवशी बालदिन असतो. यंदा बालदिनाला तिला ही गोष्ट सांगा. आधी सांगितलीत तरी हरकत नाही.

गुळाबद्दल राहिलंच. आपल्या भागात एक समज पक्का आहे की साखर वाईट, गूळ चालतो. मधुमेहात तसं नाही. गुळानंही रक्तातली साखर तशीच चढते, काकवीनंही. पण म्हणून तिला गुऱ्हाळावर न्यायचंच नाही, चुलत भावंडं खाताना हिनं दाराआड बसायचं, असं करू नका. थोडंसं, जेवणाबरोबर, त्याचा हिशेब इन्सुलिनमध्ये धरून देता येतं. किती, हे आहारतज्ज्ञांकडून शिकून घ्या. भाकरी, भात, दूध यांचाही हिशेब त्यांच्याकडूनच शिकायचा आहे. गोड म्हणजे बक्षीस आणि गोड न देणं म्हणजे शिक्षा, ही सवय घरातल्या सगळ्या मुलांसाठीच मोडा.

आता ‘बाहेर बोलायचं नाही’ या ठरावाबद्दल. मी याच्या पूर्ण विरोधात आहे. पाहुणे आले की आतल्या खोलीत नेऊन दार लावून सुई द्यायची, यातून मुलगी काय शिकते? माझ्यात लाज वाटण्यासारखं काहीतरी आहे, हे. उद्या लग्नाचं काय, ही काळजी मला कळते. टाइप १ असलेल्या बायका शिकतात, नोकऱ्या करतात, लग्नं करतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांना निरोगी मुलं होतात. वसीम अक्रमला खेळत असतानाच, १९९७ मध्ये मधुमेह निघाला आणि त्यानंतरही तो इन्सुलिन घेऊन कित्येक वर्षं वेगवान गोलंदाजी करत राहिला. आबांना क्रिकेटचं वेड असेल तर त्यांना हे सांगाच. वीस वर्षांनंतरच्या स्थळासाठी आजच्या लेकराला शाळेत धोक्यात ठेवणं मला मान्य नाही.

कारण शाळेत न सांगण्यात खरोखर धोका आहे. इन्सुलिन घेणाऱ्या मुलाची साखर एकदम उतरू शकते, विशेषतः खूप खेळल्यावर किंवा डबा अर्धा टाकल्यावर. मशीनवरचा आकडा ७० च्या खाली गेला की ताबडतोब काहीतरी गोड लागतं. हात थरथरतात, घाम येतो, चेहरा पांढरा पडतो, मूल विनाकारण रडतं किंवा चिडतं. बाईंना माहीत नसेल तर त्या ‘बस जागेवर’ म्हणतील. लेकीला तसं झालं की कसं वाटतं ते विचारा आणि तिनं दिलेलंच नाव ठेवा, ‘पाय लटपटतात’ म्हणाली तर लटपट. तिला एकच नियम शिकवा: लटपट झाली की लगेच बाईंना सांगायचं, तास चालू असला तरी, प्रार्थना चालू असली तरी. तिनं स्वतः ओळखून स्वतः उपाय करावा, ही अपेक्षा या वयात ठेवू नका.

या आठवड्यात शाळेत जा. वर्गशिक्षिका, मुख्याध्यापक आणि मुलांना नेणारे रिक्षावाले काका, तिघांशीही बोला. डॉक्टरांकडून एक चिठ्ठी लिहून घ्या. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानं २०२३ मध्ये शिक्षण मंडळांना पत्र लिहून टाइप १ असलेल्या मुलांना वर्गात साखर तपासायची, इन्सुलिन घ्यायची, मधल्या वेळचं खायची मुभा द्यावी, असं सांगितलं आहे. शाळा कुरकुरली तर ते दाखवा. वर्गात एक डबी ठेवायला द्या, त्यात ग्लुकोज पावडर किंवा साखर आणि तुमचे दोन फोन नंबर. किती द्यायची ते डॉक्टर तिच्या वजनावरून सांगतील. साधारण किलोमागे ०.३ ग्रॅम धरतात, म्हणजे १८ किलोच्या मुलीला पाच-सहा ग्रॅम, चहाचा एक भरलेला चमचा. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, तरीही कमी असेल तर पुन्हा द्यायचं. चॉकलेट, पेढा यांनी साखर सावकाश चढते, त्या वेळी ते उपयोगाचं नाही. आणि मूल बेशुद्ध असेल, झटके येत असतील तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवून थेट दवाखाना. ग्लुकॅगॉनचं, म्हणजे फार उतरलेली साखर चढवणारं इंजेक्शन घरी ठेवायचं का, हे डॉक्टरांना विचारून घ्या. बाईंना हे तोंडी सांगून सोडू नका, मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून त्या डबीच्या झाकणाला चिकटवून द्या.